कुऱ्हाडीची जबानी

आमच्या शेजारचे तात्या कुऱ्हाड विकत घ्यायला गेले, की ती आधी कानाला लावायचे.

लोक धार बघतात, वजन बघतात, फार तर विकणाऱ्याचं तोंड बघतात. तात्या खिशातून सुतळी काढायचे, दांड्याच्या भोकातून ओवायचे, कुऱ्हाड एका हाताने अधांतरी धरायचे आणि दुसऱ्या हाताने तिच्यावर खडा मारायचे. टण्ण झालं, की डोळे मिटून कान पुढे. आवाज पार विरेपर्यंत श्वाससुद्धा सोडायचे नाहीत. मध्येच कुणी बोललं तर डोळे न उघडता म्हणायचे, "गप ऱ्हा! जबानी चालू हाय."

तात्या कोर्टात बेलीफ होते हो. अर्धा जिल्हा पायाखाली घालून समन्स बजावली माणसाने. नोकरी संपली, बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. शेवगावला आमच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन राहिले. खाकी कोट तेवढा अंगावर राहिला आणि कोर्ट तोंडात. ओलं लाकूड दिसलं, की ते त्याला 'तारीख' द्यायचे. "ह्याची पुढली तारीख चैत्रातली. तवर चुलीफुडं हजर करायचं न्हाई." वाळवी लागलेलं लाकूड 'फरार' आणि गाठीचं लाकूड 'सराईत'. माझं नाव काय आहे हे त्यांना शेवटपर्यंत ठाऊक नसावं. आमचे हे शाळेत मास्तर, म्हणून मी मास्तरीणबाई.

आता माणसाला कुऱ्हाडीचा नाद असावा, माझं काही म्हणणं नाही. कुणाला तमाशाचा असतो, कुणाला पत्त्यांचा. पण तात्यांना दुसराही एक नाद होता, आणि त्याने मात्र आम्हा बायकांचा जीव मेटाकुटीला आणला होता. सकाळी तोंडात लिंबाची काडी घालून ते ओट्यावर उभे राहायचे आणि गल्लीतल्या घराघरावरचा धूर बघायचे. निळसर, पातळ धूर असला तर मान हलवायचे. पांढरा, दाट दिसला की संपलं. काडी थुंकून थेट त्या घराच्या परसात.

"मास्तरीणबाई, तुमच्या चुलीत वला आरोपी घातलाय!"

आणि नुसतं बोलून थांबतील तर शपथ. चुलीतलं अर्धं जळलेलं लाकूड चिमट्याने ओढून बाहेर काढायचे, त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतायचे. वर माझी डाळ अर्धीकच्ची, ह्यांची शाळेची वेळ झालेली, आणि हा माणूस मला विचारतोय, "हे कवा तोडलंय? कुनी तोडलंय?" मी एकदा चिडून म्हटलं, "तात्या, स्वयंपाक तुम्हीच करा आता!" तर म्हणाले, "त्यो माझा प्रांत न्हाई. आग मातर माझी."

गल्लीत सगळ्याजणी म्हणायच्या, बाई बाई, रिकामा माणूस, दुसरं काय.

आमच्या घरच्या कुऱ्हाडीचं सांगते, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. ह्यांनी एकदा नगरहून दुकानातली कुऱ्हाड आणली. निळा रंग दिलेली, दांड्याला चकाकतं पॉलिश. मोठ्या कौतुकाने तात्यांना दाखवली. तात्यांनी दांडा ठोकून काढला, सुतळी ओवली, खडा मारला. थप् असा आवाज आला.

"बहिरी हाय," तात्या म्हणाले.

"अहो, पण दुकानदार म्हणाला, एक नंबर पोलाद आहे."

"मास्तर, रंग कशाला देत्यात? गुन्हा झाकाया. खिळं ठोकाया ठेवा हिला."

ह्यांचा चेहरा पडला. पण पहिल्याच गाठीवर त्या कुऱ्हाडीची धार विड्याच्या पानासारखी दुमडली, हे मी डोळ्यांनी बघितलं. मग तात्या म्हणाले, आता बाजारात मी येणार. ते आले, आणि आमच्या नशिबी काय आलं ते ऐका.

बाजाराच्या कडेला घिसाड्यांच्या गाड्या उतरायच्या. घिसाडी सांडशीत लोखंड धरायचा आणि त्याची बायको उभी राहून घण घालायची. तात्या त्यांच्यापुढे जे बसले, ते ऊन डोक्यावरून मागे गेलं तरी उठेनात. लोखंड कशाचं? ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचं असेल तरच बोला. पाणी कसं पाजलंय? जास्त पाजलं तर धारेचा टवका उडतो, कमी पाजलं तर धार वळते. पाठ बघू. गाल बघू. झाडं तोडायची कुऱ्हाड पातळ असते, ती सरपणाला घेतली तर लाकडात रुतून बसते, निघता निघत नाही. सरपण फोडणारीचे गाल फुगीर हवेत, म्हणजे ती आत शिरता शिरता लाकडाला दोन्हीकडे सारते. हे सगळं ते मला समजावून सांगत होते, आणि मी भाजीची पिशवी सांभाळत उन्हात उभी.

शेवटी ती घिसाडीण घण टेकवून म्हणाली, "आवो तात्या, कुऱ्हाड घेताय का नवरी?"

"नवरीला येवढं बघितलं नव्हतं, बाई," तात्या म्हणाले, आणि पुन्हा खडा उचलला.

सगळी बायामाणसं हसली. मीही हसले.

त्या दिवशी कुऱ्हाड काही आली नाही. प्रकरण पुढच्या बाजारावर गेलं, मग त्याच्या पुढच्या. एकदाची ती मंजूर झाली, तर दांड्याचं सुरू. बाभळीचा नको, धावड्याचाच पाहिजे, आणि लाकडाच्या रेघा दांड्याच्या लांबीने सरळ गेलेल्या पाहिजेत. आडव्या गेल्या तर घाव घालताना हातात तुकडा राहतो. अकोले तालुक्याच्या डोंगरातून कुणाकडून तरी तो दांडा आणवला. पाचर ठोकली. सगळी गल्ली परसात जमली, तात्यांनी कोटाच्या बाह्या सारल्या, कुऱ्हाड उचलली, आणि पहिल्याच घावाला पातं दांड्यातून सुटून भिरभिरत गेलं ते शेजारच्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्यात! कोंबड्या वाचल्या, पण त्या दिवसापासून त्यांनी अंडी देणं बंद केलं अशी तक्रार होती. आम्ही सगळ्याजणी पदर तोंडात कोंबून उभ्या. तात्यांनी हातातला रिकामा दांडा निरखून बघितला.

"साक्षीदार फितूर झाला," म्हणाले, आणि शांतपणे दुसरी पाचर तासायला बसले.

पण एक सांगते, एकदा नीट बसल्यावर त्या कुऱ्हाडीने आणि त्या माणसाने काय लाकूड फोडलं म्हणता! आमचे हे ओंडक्याच्या बरोब्बर मधोमध घाव घालायचे, आणि मग कुऱ्हाड, ओंडका आणि हे असे तिघेही अडकायचे. तात्या आधी ओंडक्याभोवती फिरायचे. वाळलेल्या लाकडाला टोकाला बारीक चिरा पडलेल्या असतात; त्या चिरेच्या रेषेत, आणि तेही मधे नाही, कडेला घाव. पाय फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले. जोर असा दिसायचाच नाही. कुऱ्हाड आपली आपण पडल्यासारखी पडायची आणि लाकूड उकलायचं. आणि फोडायचं तरी किती बारीक! मी म्हणायचे, "पुरे तात्या, उदबत्त्या करताय का?" तर म्हणायचे, "चुलीला घास बारीकच द्यावा." इतकं बोलून पुन्हा काम.

शनिवारी मात्र हे सगळं बंद. तात्या शनीचे कडक भक्त. शनिवारी आमच्या भागात लोखंड कुणी विकत घेत नाही, घिसाडी देतही नाही, हे तर आहेच. पण तात्या शनिवारी लोखंडाला हातच लावायचे नाहीत. विळी नाही, अडकित्ता नाही. भाजी हाताने मोडायचे, सुपारी दुसऱ्याकडून कातरून घ्यायचे. पहाटेच्या यष्टीने घोडेगाव, तिथून चालत शिंगणापूर, तेल वाहून दुपारपर्यंत परत. ह्या नेमात वर्षानुवर्षं खंड नव्हता.

आणि आमच्यावर जो प्रसंग आला तो नेमका शनिवारीच आला.

माझी नणंद शालू आमच्याकडेच असायची. सासूसासरे गेले तेव्हा ती परकरात होती. मीच तिच्या वेण्या घातल्या, मीच तिला न्हाऊ घातलं. मुलगी गुणी, गोरीगोमटी, हसरी. तिच्यासाठी केडगावचं एक स्थळ आलं. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता. वैरण नव्हती, म्हणून लोक हिरव्या बाभळी पाडायचे. पाला-शेंगा शेळ्यांना, आणि लाकूड वखारीत. त्यामुळे आभाळात थेंब नाही आणि सरपण मात्र चिंब ओलं, असा उफराटा प्रकार. रॉकेल रेशनवर, तेही मिळेल तेव्हा. शालू पहाटेपासून त्या धुराड्यात शिरा आणि पोहे करत बसली. पाहुण्यांसमोर आली तेव्हा डोळे लालभडक, पापण्या सुजलेल्या, पाण्याच्या धारा. मुलाच्या मावशीने विचारलं, "हिचे डोळे नेहमी येतात का हो?" मी म्हटलं, "नाही हो, धूर लागलाय." मावशी नुसती हसली.

आठवडा झाला नाही तोच निरोप. मुलीच्या डोळ्यांत खुपऱ्या आहेत.

अहो, कसल्या खुपऱ्या? आम्ही तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, डोळे निर्मळ आहेत. तर लोक म्हणायला मोकळे, दवाखान्यात नेलं म्हणजे काहीतरी असणारच! मुलीचं नाव एकदा असं झालं, की ते पुढच्या गावाला आपल्या आधी पोचतं. दोन स्थळं आली नाहीत, येतो म्हणून आली नाहीत. शालूने आरशात बघणं सोडलं. एक दिवस मला म्हणाली, "वहिनी, आता कुणाला बोलावू नका. मी राहीन अशीच." आईबाप नसलेली पोर. हिचं नाही झालं तर उद्या मी कुणाला तोंड दाखवू?

तात्यांच्या कानावर हे गेलं. नंतर बरेच दिवस ते धूर बघायलाही बाहेर आले नाहीत. मला वाटलं, चला, तेवढी तरी पीडा टळली.

आणि मग त्या शनिवारी सकाळी पाथर्डीकडून निरोप आला. मुलगा मास्तर आहे, उद्या सकाळी बघायला येतो. सोबत आई येणार. आणि ही आई कशी, तर ती चहापोह्यांवर भुलत नाही; सरळ स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसते आणि म्हणते, "मुली, दोन भाकरी थाप माझ्यासमोर."

भाकरी शालू चंद्रासारखी गोल करते, त्याची काळजी नव्हती. पण ह्या लाकडावर? दुसरी भाकरी तव्यावर पडेपर्यंत डोळे पुन्हा तसेच होणार. आणि खुपऱ्यांची बातमी पाथर्डीला पोचलेली नसेल, असं मानण्याइतकी मी भोळी नव्हते.

ह्यांनी धोतराचा काचा मारला. म्हणाले, निदान बारीक तरी फोडतो. मी नको नको म्हणत होते. चौथा की पाचवा घाव ओंडक्याला चुकवून खालच्या दगडावर बसला आणि तात्यांनी एवढ्या साक्षी काढून आणलेल्या त्या कुऱ्हाडीच्या धारेचा नखाएवढा टवका उडाला. शनिवार असल्यामुळे लोहाराचं दार बंद. शेजारीपाजारी दुष्काळी कामावर गेलेले. मी पायरीवर बसले आणि मला रडूच फुटलं.

दुपारी तात्या आले. कपाळाला शेंदूर, कोटाला तेलाचा वास. टवका उडालेली कुऱ्हाड बघून ते आधी ह्यांना फाडून खाणार असंच मला वाटलं. पण त्यांनी तिच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. मी काय सांगते ते ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "चला."

त्यांच्या मागच्या खोलीत मी तोवर कधी गेले नव्हते. दार उघडलं तर जमिनीपासून आढ्यापर्यंत लाकूड! बाभळीचे, लिंबाचे ओंडके, साल काढून, हवा खेळेल असे रचलेले. वाळून वाळून इतके हलके झालेले, की एकावर एक आपटले तर खणखण वाजत होते.

"तात्या, अहो, एवढं कुणासाठी?"

"असू द्या. मला येकट्याला काय लागतंय? च्या तर इस्टोवर हुतो." मग ह्यांच्याकडे वळून, "मास्तर, माझी कुऱ्हाड त्या कोपऱ्यात फडक्यात हाय. तुमी घ्या. आज मला हात लावता येत न्हाई. म्या सांगतो, तुमी फोडा."

मग जे काही झालं ते बघायला तिकीट लावलं असतं तर चाललं असतं. तात्या ओट्यावर, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून बसलेले. हे कुऱ्हाड उगारून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"थांबा! तितं न्हाई! चीर कुठं हाय? चीर बघा!"

"दिसत नाही हो, तात्या!"

"आवं, तुमच्याकडं तोंड करून बसलीया! डावीकडं. डावीकडं म्हंजे तुमच्या डावीकडं! गुडघं वाकवा. मान कशाला वाकवताय? हां, सोडा. सोडा म्हंजे कुऱ्हाड न्हवं, घाव!"

घाव पडला. कुऱ्हाड रुतली. हे ओंडक्यावर पाय देऊन ती ओढू लागले, तर ओंडकाच वर आला. तात्या अंग घुसळत होते. हात काखेतून निसटू नयेत म्हणून त्यांनी ते मांड्यांखाली घातले. एरवी मी हसून हसून लोळले असते. पण ऊन उतरायला लागलं होतं आणि ढिगात फुटलेलं लाकूड म्हणावं तर चार ओबडधोबड फोडी.

शालू ढलप्या गोळा करायला पाटी घेऊन दारात उभी होती. नुसती त्या न फुटलेल्या ओंडक्याकडे बघत होती. तात्यांची नजर तिच्यावर गेली.

ते उठले. "द्या हिकडं."

"तात्या, शनिवार!" हे ओरडले.

"ठावं हाय."

"अहो, तुमचा नेम..."

"त्यो माझा आन् देवाचा दावा हाय. तुमी त्यात पक्षकार न्हाई. सरका."

आणि त्यांनी कुऱ्हाड हातात घेतली. क्षणभर कपाळाला लावली. मग तोंडातून शब्द नाही, नुसता घावाचा आवाज. खट्, खट्. ओंडके उकलत गेले, फोडींच्या फोडी झाल्या, फोडींच्या कांड्या झाल्या. कोट घामाने पाठीला चिकटला तरी थांबले नाहीत. शालूची पाटी भरत होती, रिकामी होत होती. दिवे लागायच्या आत परसात बोटाबोटाएवढ्या कांड्यांची रास लागली. मी देवापुढे दिवा लावला आणि हात जोडून म्हटलं, शनिमहाराज, रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, त्या म्हाताऱ्यावर नको.

सकाळी तात्या आले आणि चूल स्वतः पेटवली. खाली बारीक ढलप्या, वर कांड्या, मधे वाट मोकळी. जाळ असा वर आला, की धूर म्हणून डोळ्याला दिसला नाही. मग ते मागच्या दाराबाहेर परसात जाऊन बसले. मला वाटलं, आता घरी जातील. गेले नाहीत.

पाहुणे आले. मुलाची आई खरोखरच चहाचा कप खाली ठेवून आत आली. पाटावर बसली, म्हणाली, "थाप बाई."

शालूने उंडा घेतला. भाकरी गोल उतरली. ती बाई भाकरीकडे बघतच नव्हती हो! ती शालूच्या डोळ्यांकडे बघत होती. एक भाकरी झाली, फुगली. दुसरी झाली. मग बाई उठली, शालूची हनुवटी धरली आणि तिला मागच्या दारात उजेडाला नेलं. खालची पापणी ओढून बघितली. मी इकडे परातीची कड गच्च धरून उभी.

"निर्मळ आहेत की गं," बाई म्हणाली. "लोकांच्या जिभेला काही हाड? मला मुलगी पसंत आहे."

हुश्श! मी परात सोडली ती पायावरच पडली, पण दुखलं कुणाला?

"फक्त एक आधीच सांगते," बाई पुढे म्हणाली. "आमच्याकडेही चूलच आहे. धूर असतो."

तेवढ्यात परसातून आवाज आला, "कुऱ्हाड कंची हाय तुमच्याकडं?"

बाईने वळून बघितलं. तात्या उभे राहिले होते, कोटाची बटणं लावत.

"दांडा कशाचा? सरपन किती वाळवता? फोडतं कोन?"

मी हात जोडून तात्यांना खुणा करते आहे, पण बघतंय कोण! बाईने मला विचारलं, "हे कोण?"

मी काय सांगणार? शेजारी म्हणावं तर शेजाऱ्याला असं विचारायचा काय अधिकार? मी म्हणून गेले, "हे आमचे तात्या. मुलीकडचे वडीलधारे."

बाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. "माझा मुलगा फोडतो. त्यालाच विचारा."

"बोलवा त्याला. हजर करा."

मुलगा आला बिचारा, इस्त्रीच्या शर्टात, काय झालं म्हणत. मुलगी बघायला आला आणि मुलीकडच्या म्हाताऱ्याने हातात कुऱ्हाड दिली. ह्यांनी तर डोळेच मिटून घेतले. पण मुलाने मनगटावरचं घड्याळ काढून आईकडे दिलं, बाह्या दुमडल्या आणि ओंडक्याभोवती एक फेरा मारला. ओंडका जरा फिरवून घेतला. कडेला घाव घातला. लाकूड उकललं.

तात्यांनी दोन्ही तुकडे उचलून बघितले.

"मंजूर," म्हणाले. "अपील न्हाई."

बाई पदराआड हसत होती, मुलगा हसत होता, शालू चुलीपुढे खाली मान घालून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. बघितलं तर तीसुद्धा हसत होती. कितीतरी महिन्यांनी. मी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली आणि मग मोरीत जाऊन मनसोक्त रडून घेतलं. डोक्यावरचा धोंडा उतरला की असंच होतं.

पाहुणे गेले. गल्ली येऊन साखर खाऊन गेली. मी तात्यांना शोधत परसात गेले तर ते पायरीवर बसले होते, उरलेल्या कांड्या विनाकारण सारख्या करत.

"तात्या, तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसलं." त्यांनी आणखी दोन कांड्या सारख्या केल्या. मग एकदम म्हणाले, "मास्तरीणबाई, आमची कारभारीन जेवाया वाढताना रोज डोळं पुसायची."

मी त्यांच्याशेजारी पायरीवर टेकले.

"म्या चार-चार दिस फिरतीवर. थकून यायचो. आन् ताटाफुडं बसलं, की ही डोळं पुसती. मला वाटायचं, म्हायेराची आठवन काढून रडती. माझ्या घरात हिला काय सुख न्हाई. म्या लई बोललो तिला. येकदा भरलं ताट ढकलून उठलो. तर तिनं ताट उचललं, आन् फुडल्या बारीला पाठ करून वाढाया लागली. येकदा बी म्हनली न्हाई, धूर हाय म्हनून."

"आणि तुम्हाला कळलं केव्हा?"

"ती गेली. दिस झालं, पावनं पांगलं. म्या पयल्यांदा आपल्या हातानं चूल पेटवाया बसलो. तिनंच गोळा केलेलं जळन हुतं, वलं, गाठीचं. घरात कुऱ्हाड अशी कंदी आनलीच न्हवती म्या." तात्यांनी हातातली कांडी खाली ठेवली. "पयलीच फुकर मारली, आन् डोळ्यातनं धारा लागल्या. तवा कळलं. तितंच बसून ऱ्हायलो मंग. चूल इझली तरी बसलो हुतो."

शालू केव्हा माझ्यामागे येऊन उभी राहिली होती मला कळलंच नाही. ती तशीच आत गेली. परातीचा आवाज आला, मग भाकरी थापल्याचा.

थोड्या वेळाने ती दारात आली. "तात्या, आत या. जेवायला वाढलंय."

"मला? न्हाई पोरी, म्या च्या करून..."

"गरम भाकरी आहे. या."

तात्या आत आले. कोट काढून खुंटीला लावला, हात धुतले आणि चुलीजवळच्या पाटावर अवघडून बसले. शालूने तव्यावरची भाकरी ताटात घातली, पिठलं वाढलं, आणि पुढची थापायला घेतली. तात्यांनी ताटाला हात लावला नाही. ते तिच्या तोंडाकडे बघत बसले होते.

"चुरचुरत न्हाई न्हवं, पोरी?"

"नाही, तात्या."

"खरं सांग."

शालूने पिठाचे हात तसेच वर धरले आणि त्यांच्यासमोर चेहरा पुढे केला. "बघा तुम्हीच."

तात्यांनी बघितलं. खूप वेळ बघितलं. मग ताट पुढे ओढून घेतलं आणि भाकरीचा घास मोडला.